सरकती कपाटं

चाक अर्ध्यातच अडलं. ग्रंथालयातली ही नवी कपाटं रुळांवर सरकायची. चाक फिरवलं की दोन कपाटांमधली वाट मिटून जायची. एखादं जाडजूड पुस्तक मध्ये पडलं असणार, असं म्हणत नीलांबरीने आणखी जोर लावला. आत काहीतरी करकरलं.

तेवढ्यात तिची नजर शेजारच्या टेबलावर गेली. तिथे टिपणीस आजोबांचं कानाचं मशीन होतं. वाचायला बसले की ते मशीन काढूनच ठेवायचे. ‘बंद करतेय हं, कोणी आहे का आत?’ असं ती मघाशी ओरडली होती, आणि उत्तर आलं नाही म्हणून निर्धास्त झाली होती.

वाचकांना आत सोडायचं नाही, असा नियम होता. पुस्तक हाताळून निवडायची आजोबांची हौस बघून तिनंच तो मोडला होता. "आजोबा! आजोबा!" ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही ती हाका मारत राहिली. घामेजल्या हातांतून चाक निसटत होतं. ते उलटं फिरवता फिरवता तिला रडू फुटलं.

वाट उघडली, तशी मध्ये आडवी अडकलेली आजोबांची काठी खडकन खाली पडली. काठीपलीकडे स्टुलावर आजोबा पुस्तकात नाक खुपसून बसले होते. नीलांबरी वाटेच्या तोंडाशीच कपाटाला धरून उभी राहिली.

आजोबांनी मान वर केली नाही.

"बाई, जरा बाजूला व्हा," पान उलटत ते म्हणाले, "मघापासून कुणीतरी उजेड अडवतंय."