फिट

"केकाण वैष्णवी शहादेव, फिट!"

शिपायानं दारातून डोकं बाहेर काढून नाव पुकारलं आणि पुन्हा आत घेतलं. बाकड्यावरच्या एका पोरीनं टाळी वाजवली. वैष्णवीच्या आईच्या, भिवराबाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

पोलीस भरतीची शेवटची पायरी होती, वैद्यकीय तपासणी. मैदान झालं होतं, लेखी झालं होतं. नेकनूरजवळच्या वाडीतली ऊसतोड्याची पोर यादीत बारावी आली होती. ती आत गेल्यापासून भिवराबाई व्हरांड्यात येरझारा घालत होती. तिला ज्याची धास्ती होती, तेच झालं होतं.

तिला 'फिट' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. अठरा वर्षांपूर्वी, फडावरच्या पाचटाच्या कोपीत, तापानं फणफणलेली चार वर्षांची वैष्णवी एकाएकी ताठ झाली. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. शेजारच्या कोपीतली बाई ओरडली, "अगं, फिट आली पोरीला!" भिवराबाईनं ते पुढं कुणाला सांगितलं नाही. भावकीत नाही, माहेरी नाही, खुद्द वैष्णवीलाही नाही. फिट येणारी पोर कोण करून घेतो?

ती दार ढकलून आत घुसली. शिपाई "ओ मावशी" म्हणेपर्यंत टेबलापाशी पोहोचलीसुद्धा.

"मॅडम, एकदाच आलती. लई ताप व्हता तवा. चार वर्साची व्हती. त्याच्यामागून न्हाई आली, पोरीच्या गळ्याची आन. तेवढ्यापायी तिचं वाटुळं करू नका."

डॉक्टर मॅडमचा पेन थांबला. वजनकाट्याजवळ उभ्या असलेल्या वैष्णवीचा चेहरा खर्रकन उतरला.

"काय आली होती, मावशी?"

"फिट. तुमीच लिवलं की. आता ह्यो भाऊ वरडला."

शिपायाला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. "अहो, फिट म्हणजे धडधाकट. नोकरीला लायक. इंग्रजी शब्द आहे, त्याचे अर्थ पुष्कळ."

भिवराबाईनं पदर तोंडात धरला. अठरा वर्षं झाकलेलं तिनं आपल्याच तोंडानं उघडं केलं होतं.

मॅडमनी दोन-चार प्रश्न विचारले. ताप नक्की होता का? किती वेळ चाललं? मग त्या वैष्णवीकडं वळल्या. "तुला कळायला लागल्यापासून कधी आली?"

वैष्णवीनं आईकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या, डोळे तपासायच्या तक्त्याकडं.

"न्हाई, मॅडम."

"लहानपणी तापात एखादी येते. ती कुणी धरत नाही. जा, बाहेर बसा. कागद सगळ्यांचे एकदमच देऊ."

बाहेर आल्यावर भिवराबाईला काय करू अन् काय नको झालं. पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. "बघ की गं, झंपर फिट बसला म्हनतेत, तोटी फिट केली म्हनतेत. मला कसं सुचलं न्हाई? तुझ्या बापाला फोन लाव. पेढे घेऊन जाऊ."

वैष्णवीनं फोन काढला नाही. आईला धरून ती कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीमागं गेली.

"आई, दिवाळीमागून बी मला आलती. ग्राउंडवर पळताना. दोनदा."

भिवराबाईनं आजूबाजूला बघितलं.

"कुनी बघितलं?"

"रोहिणीनं. रूमवरची. ती न्हाई सांगायची कुनाला."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तू फडावर व्हतीस. अन् तू तरी मला कुठं सांगितलंस?"

भिवराबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "मग आता बी गप ऱ्हा. मॅडमनं लिवलंय. झालं."

"हातात बंदूक देतेत, आई. भर बाजारात उभं करतेत. तिथं पडले तर?"

"न्हाई पडत."

"अन् न्हाईच पडले, तर काय? तुझ्यावानी अठरा वर्सं दचकत ऱ्हाऊ? आज नुसतं नाव घेतलं त्यांनी, तर तुझी काय गत झाली!"

भिवराबाईची मनगटावरची बोटं सैल झाली. वैष्णवीनं हात सोडवून घेतला आणि ती दाराकडं चालू लागली. थोड्या वेळानं भिवराबाईही तिच्यामागं गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. गठ्ठ्यातून तिचा कागद काढला, लिहिलेल्या 'फिट'च्या आधी इंग्रजीतली 'यू-एन' ही दोन अक्षरं जोडली आणि खाली सही केली.

"आधी मेंदूची तपासणी करून घे. मग गोळ्या सुरू होतील, त्या चुकवायच्या नाहीत. पुष्कळजणी बऱ्या होतात. नोकरीचं मात्र मी आज काही सांगू शकत नाही."

दोघी बाहेर पडल्या. बाकड्यावरच्या पोरींनी काय झालं म्हणून विचारलं. वैष्णवी मान खाली घालून पुढं गेली. फाटकाबाहेर नेकनूरची गाडी भरत होती. कंडक्टर हाका मारत होता. वैष्णवीनं पाय उचलला, पण भिवराबाई रस्त्यातच उभी राहिली होती.

"आई, चल की. गाडी जाईल."

"पडलीस तवा लागलं का गं कुठं?"

दिवाळीपासून तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. वैष्णवीनं पाठ फिरवली, वेणी बाजूला केली आणि मानेवरचा तीन टाक्यांचा वण आईला दाखवला.