वाटपाचा नियम

कझाकस्तानातल्या करागंदा शहरातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला दर हिवाळ्यात जर्मनीतल्या एका चर्चकडून कपड्यांची खोकी येतात. तिकडच्या लोकांनी नको म्हणून काढलेले, पण चांगले धड कपडे. ते कुणाला द्यायचे, याचा नियम ओटिलिया मावशींनीच घालून दिलेला: ज्यांचं जर्मनीत कुणी आहे, त्यांना यातलं काही मिळणार नाही. मावशींचा मुलगा एडवीन तिकडंच असतो. म्हणून दरवर्षी खोकी उपसायला त्या पुढं, पण स्वतः कधी एक मोजासुद्धा घेतला नाही.

यंदा त्यांनी खिशांचा एक तपकिरी स्वेटर बाहेर काढला आणि मांडीवर घेऊन बसूनच राहिल्या.

“हा मला हवाय.”

मंडळीचे कारभारी वाल्डेमार हसले. “काय मावशी, लेक तिकडं बंगला बांधतोय आणि तुम्हाला दुसऱ्याचा उतरलेला स्वेटर? मग तुमच्या नियमाचं काय करायचं?”

मावशींनी स्वेटरच्या खिशातून कापडाची एक पुरचुंडी काढून गाठ सोडली. आत जर्दाळू होते, वाळून दगड झालेले.

“गेल्या नाताळाला विणून पाठवला होता एडवीनला. त्याला आवडतात म्हणून हे खिशात घातले.”

वाल्डेमारांची मान खाली गेली. “घेऊन जा, मावशी. एखाद्या वेळी मोडला नियम तर काही बिघडत नाही.”

“मोडायचा कशाला?” मावशी पुरचुंडी पुन्हा बांधत म्हणाल्या. “माझं तिकडं कुणी नाही.”