एक डोळा मिटून

गणपतीचे डोळे आखताना बाबांनी स्वतःचा एक डोळा घट्ट मिटला होता.

"नेम धरताय की काय?" जुईलीने चिडवलं.

"दोन सोंडा दिसतात गं. एक डोळा मिटला की एकच."

जुईलीचं हसू विरलं. बाबांना थायरॉईडसाठी आयोडीनचा डोस देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बिडी सुटली नाही तर आजार डोळ्यांत उतरेल. बाबांनी सोडली होती म्हणे!

तिने त्यांच्या खिशातलं बंडल काढून सरळ शाडूच्या बादलीत बुडवलं. "उठा. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात."

"अगं, याचा दुसरा डोळा राहिलाय."

"आधी तुमचे."

बाबा एरवी खेकसले असते. आज त्यांनी ब्रश ठेवला आणि तिचा हात धरला. कारखान्याच्या पायऱ्याही त्यांना दोन-दोन दिसत होत्या.