पडदा पडल्यावरची चाल

अकराव्या पायरीवर गणिताच्या बाईंनी कुबडी टेकवली आणि दम खाल्ला. नाट्यगृहाला पायऱ्या अकरा, कठडा एकाच बाजूला, तोही हलणारा. मागून येणाऱ्या एका सद्गृहस्थाने विचारलं, यांना बसायला वेगळी खुर्ची लागेल का? बाईंना नाही, त्यांच्या वहिनीला विचारलं. पाय अधू असला की कान आणि तोंडही अधू असतं, हे लोकांना कोण शिकवतं देव जाणे.

बाईंच्या पर्समध्ये अर्ज होता. खाली दोनशे बारा अपंगांच्या सह्या. धडधाकट नटाने लंगड्याचं सोंग काढून वाहवा मिळवायची आणि खऱ्या अधू नटाला कुणी दारातही उभं करायचं नाही, हे बंद करा. भूमिका खऱ्या माणसाला द्या, नाहीतर या नाटकाला नाट्यगृह देऊ नका. नाट्यगृहाचा व्यवस्थापक वर्तमानपत्रांना टरकून होता. आज अर्ज हातात द्या, उद्यापासूनच्या सगळ्या तारखा रद्द करतो, असं त्याने फोनवर कबूल केलं होतं. पण वहिनी म्हणाली, ताई, आधी बघा तरी. न बघता नावं ठेवणं बरं नव्हे.

बघण्यासारखं काय होतं त्यात? याच नाटकमंडळीने वीस वर्षांपूर्वी बाईंना तोंडावर सांगितलं होतं की आवाज छान आहे, पण पाय बघून लोक उठून जातील. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

नाटक एका लंगड्या चौकीदाराचं होतं. लांब दाढी, काळा कोट, आणि अख्ख्या गल्लीने त्याचा केलेला खेळ. बाई पहिल्या रांगेत चुका मोजायला बसल्या. मुलांच्या वह्यांत त्यांना चूक सापडली नाही असं कधी झालं नव्हतं.

इथे एकही सापडेना. वळताना आधी खांदा, मग कुबडी, मग पाय. दमल्यावर अंगाचा भार कुठे सरकतो, हेसुद्धा याला ठाऊक. आवाज घोगरा, खोल, छातीतून येणारा. बाई चुका मोजायचंच विसरल्या आणि त्याचाच त्यांना राग आला. शेवटच्या प्रवेशात गल्लीतली माणसं चौकीदाराच्या डोक्यावर बादली उपडी करतात. पाणी खरं होतं, वहिनीच्या चष्म्यावर शिंतोडे आले. चौकीदार कोसळला आणि काळोख झाला.

त्या काळोखात क्षणभर बाईंना वाटलं, अर्ज घरी परत न्यावा.

मग दिवे लागले. रंगमंचाच्या मधोमध नायक पाठमोरा उभा होता. त्याने कुबडी खाडकन फेकून दिली, वळला आणि ताठ मानेने, सरळ पावलं टाकत पुढे आला. सगळे प्रेक्षक उभे राहिले. तीन तासांत पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या आठ पावलांना पडल्या.

"बाई गं, हुश्श झालं," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलं, खराच लंगडा आहे की काय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कुबडी आपटत त्या थेट रंगपटात शिरल्या.

नायक खुर्चीत रेलला होता, भोवती फोटोवाले. एवढ्यात कोटही बदललेला, कोरडा, इस्त्रीचा. दाढी जागच्या जागी. त्याने हात पुढे केला. तळवा लोण्यासारखा मऊ. बाईंच्या तळहाताला कुबडीच्या मुठीने पाडलेले घट्टे होते, त्यांनी हात लगेच काढून घेतला. त्याच्या मांडीवर कुबडी आडवी होती. मूठ घामाने काळी पडलेली, खालचं रबर आतल्या बाजूने झिजलेलं, थेट बाईंच्या कुबडीसारखं. सोंग वठावं म्हणून कुबडीसुद्धा झिजवून घेतली होती मेल्याने.

"एवढं हुबेहूब शिकलात कुठे?" बाईंनी विचारलं.

"निरीक्षण," तो म्हणाला. त्याचा आवाज इथे पातळ वाटत होता. "होता एक डोळ्यांसमोर."

"मग त्यालाच का नाही दिली भूमिका?"

नायकाने फोटोवाल्यांकडे पाहिलं आणि हसला. "बाई, खरा लंगडा बघायला तिकीट कोण काढेल? लोकांना रडायचं असतं, पण घरी जाताना माणूस ठणठणीत बघून जायचं असतं."

एवढ्यात कुणीतरी बाईंना न विचारताच दोघांचा फोटो काढला. छान येईल, म्हणाला.

बाई तडक रंगपटातून बाहेर पडल्या. व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. त्याने चष्मा लावून तो वाचला, तारखांचा तक्ता ओढला आणि उद्यापासूनच्या प्रत्येक चौकटीवर लाल रेघ मारली. मंडळींना सकाळी कळवतो, म्हणाला. वीस वर्षांचं उट्टं निघालं. बाईंना इतकं हलकं वाटलं की अकरा पायऱ्यांचाही राग उरला नाही. तरी विचारलंच, बिनपायऱ्यांची वाट आहे का? मागे सामान चढवायचा उतार आहे, तो म्हणाला. वहिनी गाडी बघायला पुढे गेली आणि बाई एकट्याच मागच्या दाराने बाहेर पडल्या.

उताराच्या कडेला एका लाकडी पेटीवर कुणी बसलं होतं. अर्धी दाढी सोललेली, अर्धी गालावर लोंबत होती. अंगातल्या काळ्या कोटातून पाणी ठिबकत होतं. मनगटाएवढी बारीक पोटरी तो दोन्ही हातांनी चोळत होता. कुबडीचा आवाज ऐकून त्याने वर पाहिलं आणि सरकून वाट करून दिली.

"जपून हं, माझ्यामुळे उतार ओला झालाय," तो म्हणाला. घोगरा, खोल, छातीतून येणारा आवाज. "खालपर्यंत सोबत केली असती, पण आत फोटो चाललेत. ते आटोपले की माझी कुबडी परत देतील. उद्याही प्रयोग आहे ना, पाय चोळून ठेवतोय."