एक नंबरचा फोन

“एक हा नंबर माझा आहे,” साहेब म्हणाले. “तो मी कुणालाही देणार नाही.”

फोन दुरुस्त करायला आलेली फोनवाली त्यांच्या टेबलाखालून बाहेर आली. गुडघ्यांना धूळ लागली होती आणि कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. इंटरनेटवर चालणारे हे नवे फोन. प्रत्येकाला आपापला आकड्यांचा पत्ता लागतो; त्यातला शेवटचा आकडा म्हणजे त्या फोनचा नंबर. मशीनला सांगितलं की ते सगळ्यांचे पत्ते आपणहून वाटून मोकळं होतं. पण साहेबांचं परिपत्रक होतं : पत्ते हुद्द्याप्रमाणे. म्हणजे प्रत्येक फोनवर दहा-बारा आकडे दाबायचे, मध्ये ठिपक्यासाठी चांदणीचं बटण, असं एकशे बेचाळीस वेळा. गेल्या महिन्यात एक हेडक्लार्क निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या खालचे एकशे अठरा पत्ते एकेक पायरी वर सरकले. तेही तिनेच सरकवले. आणि इतकं करून हॉलमधले सगळे फोन आज पुन्हा मुके.

“साहेब, एक नंबर दाराचा आहे,” ती म्हणाली. “दार म्हणजे ते कोपऱ्यातलं मशीन; कचेरीतलं सगळं बोलणं त्यातून बाहेर जातं. तुमचाही नंबर एकच. तुम्ही सकाळी येऊन बटण दाबलंत, की सगळे फोन तुम्हालाच दार समजतात आणि तुमच्यावर येऊन आपटतात.”

“मग दाराला दोन नंबर द्या.”

“दोन उपसाहेबांचा आहे. तुमच्याच यादीत.”

“शेवटचा द्या. दार काय सेवेत आहे?”

“दार मुख्य कचेरीचं आहे. नंबर बदलायचा तर तुम्हाला त्यांच्याकडे अर्ज करावा लागेल.”

“मी? दारासाठी अर्ज?” साहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, “हे बघा, फोन बंद पडतात ते ऑपरेटर बाईंमुळे. रीतसर चौकशी झाली आहे.”

“कुणी केली?”

“मी.”

ऑपरेटर बाई केबिनच्या दाराशीच उभ्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी या कचेरीचे फोन जोडून दिले होते. एका हातात त्यांची वही होती, दुसऱ्या हातात साहेबांनी टाइप करून दिलेला माफीनामा : माझ्या निष्काळजीपणामुळे फोन वारंवार बंद पडले, हे मला मान्य आहे. खाली सहीची रेघ. सही झाली की बाईंनी घरी बसायचं, हे कागदावर नव्हतं, पण सगळ्या हॉलला पाठ होतं.

“साहेब, मी तारखा लिहून ठेवल्यात,” बाईंनी वही उघडली. “तुम्ही नऊ दिवस रजेवर होतात. त्या नऊ दिवसांत एकदाही फोन बंद पडला नाही.”

“म्हणजे मी नसलो की तुम्ही काम नीट करता,” साहेब म्हणाले. “हेसुद्धा माफीनाम्यात घाला.”

बाईंनी वही मिटून काखेत धरली.

“पाच वाजता मी फोन करीन. तेव्हा सही करून कागद घेऊन आत यायचं. माझा फोन आल्याशिवाय यायचं नाही. मला कामं असतात.”

फोनवालीच्या हातात पक्कड होती. तिचा त्या क्षणी वेगळाही उपयोग करता आला असता. ती पुन्हा टेबलाखाली गेली.

तिने पिशवीतून फोनला नुसती वीज देणारी, साबणाच्या वडीएवढी एक डबी काढून खालच्या प्लगमध्ये बसवली. साहेबांच्या फोनची वायर भिंतीतून उपटली, इतक्या जोरात की थोडा चुना खाली आला, आणि त्या डबीत खोचली. डबीचा हिरवा दिवा लागला. डबीतून पुढे वायर कुठेच जात नव्हती.

“झालं?” वरून साहेबांनी विचारलं.

“झालं. बघा, एकच आहे ना?”

साहेबांनी चष्मा वर करून फोनच्या पडद्यावरचा शेवटचा आकडा वाचला. एक होता. “एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा वाद घातलात!”

“चुकलंच, साहेब. आता तुमच्या नंबरात कुणीही वाटेकरी नाही.”

ती केबिनबाहेर पडेपर्यंत हॉलमधला एक फोन वाजला. मग तीन. मग सगळेच.

“काय केलंस गं?” बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

“साहेबांना स्वतंत्र लाइन दिली, काकू.”

“कुठली?”

“कुठलीच नाही.”

बाई हसल्या नाहीत. बावीस वर्षांचा राग इतक्या स्वस्तात हसून घालवायची त्यांची तयारी नव्हती. “त्यांना कळल्यावर?”

“फोनची तक्रार कुणाकडे करायची असते?”

“माझ्याकडे. फोनवरच. परिपत्रक आहे तसं.”

“मग झालं तर.” फोनवालीने पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली.

बाई आपल्या जागेवर बसल्या. माफीनामा समोर ठेवला, त्यावर टोपण न काढलेलं पेन ठेवलं, आणि पावणेपाचपर्यंत त्रेपन्न फोन जोडून दिले.

पाच वाजले. काचेच्या केबिनमध्ये साहेबांनी रिसीव्हर उचलला. बटणं दाबली. काहीतरी बोलले. पुन्हा दाबली, या वेळी अंगठ्याने. बोलता बोलता ते उभे राहिले. मानेपासून कानापर्यंत लाल झाले. केबिनची काच जाड होती. बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून ती त्यांनीच निवडून बसवून घेतली होती.

“बाई,” शिपाई म्हणाला, “साहेब तुम्हालाच बोलावताहेत वाटतं.”

बाईंनी आपला रिसीव्हर उचलला, क्षणभर कानाला लावला आणि हळूच खाली ठेवला.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “अजून फोन नाही आला.”