फोटोपुरतं

"फुगे नकोत साहेब. एक जरी फुटला, तरी दिगू स्वतःचं मनगट चावतो," मी पाहुण्यांना सांगितलं. नातवाचा वाढदिवस करायला ते आमच्या ‘विशेष मुलांच्या’ वसतिगृहात आले होते. दिगू हे मूल बत्तीस वर्षांचं.

"मावशी, देणगीदार आहेत. एका फोटोपुरतं सांभाळा," व्यवस्थापक कुजबुजले.

दिगूला फुग्यांखाली उभं केलं. त्यानं कान दाबले. "हात खाली घे रे, हस!" साहेब ओरडले, आणि डोक्यावरचा फुगा फुटला.

दिगू किंचाळला. दात मनगटात रुतले, रक्त आलं. "अरे, असल्याला बांधून ठेवत जा!" साहेब नातवाला घेऊन मागे सरले.

मी दिगूचं मनगट सोडवलं, त्याच्या दातांत माझं दिलं आणि साहेबांकडे वळले.

"हं, आता काढा फोटो."