बारकं जेट

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरच्या गॅरेजात निताचा फोन वाजला. लडाखच्या घाटातून भाऊ विनोद बोलत होता. तिनं दोन वर्षं खपून चालती केलेली वडिलांची साठ वर्षांपूर्वीची जीप त्यानं जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेली होती. "ताई, चढतच नाही. काळा धूर सोडून राह्यली. रॅलीचा मेकॅनिक म्हनते, ट्रकवर टाका." "बापाची जीप ट्रकवर नाही जानार. वर हवा पातळ, म्हून पेट्रोल जास्त जाते. कार्बोरेटर खोल, मी देलेलं बारक्या भोकाचं जेट बसव, पेट्रोल कमी जाईन." मागून मेकॅनिक हसला. "तांड्यावरची बाई फोनवर इंजिन दुरुस्त करणार?" "हासू दे त्याले. तू पाना धर." तासाभरानं विनोदनं घाटमाथ्यावरून जीपचा फोटो पाठवला. मागोमाग अनोळखी नंबर झळकला. "ताई, मी मघाचा मेकॅनिक. विनोदनं नंबर दिला. आमच्या तीन गाड्या अडकल्यात." निता म्हणाली, "स्पीकरवर टाका, सगळ्याइले ऐकू द्या. बोनट उघडा."